पीबी रोडनं एकट्यानं: चेन्नई ते दिल्ली, आणि मधे घर

उद्यमबागवाला

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिला धागा काढालोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी रिटायर झालो. २७ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला होतो. काम म्हणजे काय, कास्टिंगच्या पेट्या मोजायच्या, वजन करायचं, चलन-बिल करायचं, ट्रान्सपोर्टवाल्याकडनं बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घ्यायची आणि लॉरी गेटातनं बाहेर काढायची. लॉरी बाहेर पडली की माझ्यापुरती ती संपली. मग चार-पाच दिवसांनी फोन यायचा, माल पोचला. नाहीतर पोचला नाही, आणि मग शिव्या.

तर बिल्टीवर गावं लिहायचो. होसूर, राणीपेट, श्रीपेरंबुदूर. वरच्या अंगाला चाकण, अंकलेश्वर, वडोदरा, जयपूर, मानेसर. हजारो वेळा लिहिली असतील, यातलं एक गाव बघितलेलं नाही. चाकण तेवढं बघितलंय, मेव्हण्याच्या नातवाच्या बारशाला.

दिवाळीत पोराच्या मोबाईलवर नकाशा मोठा करून बघत बसलो होतो तर ध्यानात आलं की चाकणसारखं एखादं थोडं बाजूला सोडलं तर ही सगळी गावं एकाच रस्त्यावर आहेत. आणि तो रस्ता म्हणजे आपला पीबी रोड, पुणे-बंगळूर रोड! म्हणजे आता गावातल्या तुकड्यालाच पीबी रोड म्हणतात, हायवे बाहेरनं गेला, पण रस्ता तोच की. आपण अजून एनएच फोर म्हणतो, पण २०१० ला नंबर बदलले तेव्हा दिल्ली-मुंबईचा जुना आठ नंबर, हा चार नंबर आणि बंगळूरच्या खालचे तुकडे जोडून ४८ केला. दिल्ली ते चेन्नई, सुमारे २८०० किलोमीटर. मधे कुठंतरी आपण.

म्हणलं जायचं. आधी खाली चेन्नईला, तिथनं एका दमात दिल्ली, मग परत घर. माझी वॅगनार, २०१३ ची, केए २२. एकटाच. सौ.नं तीन प्रश्न विचारले. कशाला? कुणासाठी? आणि सांबऱ्यातनं विमान जातंय की दिल्लीला? तिन्हीला माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसून गाडीचं ऑइल बदलून आणलं.

आज दावणगिरीला मुक्काम. जमेल तसं लिहितो.

तिसरं_गेट

काका भारी! पण एकट्यानं? माझा बाबा तिसऱ्या गेटात रेल्वे जाईपर्यंत दहा मिनिटं एकटा बसत नाही, कुणाशी तरी बोलायला गाडीतनं उतरतो. दावणगिरीत बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय हलू नका.

निपाणकर

काका वर येताना निपाणीत सांगा, चहा आपल्याकडं. आणि एक, या रस्त्याचं बोलालाय म्हणून सांगतो, १९८१ ला हाच हायवे निपाणीत तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी अडवून धरला होता, शरद जोशींचं आंदोलन. आमचे आजोबा बैलगाडी घेऊन रस्त्यावरच मुक्कामाला. घरनं भाकरी-पिठलं जायचं. एप्रिलात गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबा नंतर कधी त्या जाग्यावरनं जाताना बोलायचे नाहीत, एसटीत असले तर खिडकीतनं दुसरीकडं बघायचे. पोरांना आता तिथं फक्त फ्लायओव्हर दिसतोय.

उद्यमबागवाला

निपाणकर, हे माहीत होतं पण असं नव्हतं माहीत. चहाला येतो.

आता वेल्लोरच्या पुढं आहे, लॉजमध्ये पंखा असा वाजालाय की झोप येणार नाही म्हणून लिहितो.

बेळगाव सोडलं, कित्तूर, धारवाड, हुबळी, इथवर सगळं ओळखीचं. हावेरीपासनं पुढं नवीन. ब्याडगी मिरची आयुष्यभर खाल्ली, ब्याडगीचा फाटा परवा पहिल्यांदा बघितला. चित्रदुर्गाला डोंगरावर पवनचक्क्याच पवनचक्क्या, आणि त्यातली एक तरी बंद असतेच, ती कुठली ते बघत बघत गाडी चालवली. एकटा माणूस असले उद्योग करतोय.

दुसऱ्या दिवशी एक गंमत ध्यानात आली. गाडीत मी मोठ्यानं बोलालोय. पहिला दिवस नव्हतं, दुसऱ्या दिवशी तुमकूरच्या पुढं सुरू झालं. आणि बोलतोय ते कुठल्या भाषेत बघा, टोलचे पैसे मोजताना मराठी, कुणी कट मारला की शिवी कन्नडमध्ये, अगदी बेळगावच्या भाजी मार्केटातली, आणि मोबाईलवरची बाई "बाएँ मुड़ें" म्हणाली की तिला उत्तर हिंदीत. बायकोशी मनातल्या मनात भांडण मात्र मराठीतच, त्यात मीच हरतो.

होसूरला राज्य बदललं. अत्तिबेलेपर्यंत पाट्या कन्नड, पुढं तमिळ. म्हणलं आता झालं, आता हातवारे. चहाच्या टपरीवर गेलो तर मालक गिऱ्हाईकाशी तेलुगूत, माझ्याशी कन्नडमध्ये, आतल्या पोराशी तमिळमध्ये. तिथं अशी लोकं खूप आहेत म्हणे, तेलुगू-कन्नड घरात आणि कागदावर तमिळनाडू. मी केए २२ म्हणजे बेळगाव सांगितल्यावर म्हणतो कसा, "ओ, तुमच्याकडं पण आमच्यासारखंच ना?" मी म्हणलं हो, फक्त आमच्याकडं चहा इतक्या शांततेत मिळत नाही.

आणि राणीपेट. हे सविस्तर सांगतो.

अंबूर सोडल्यावर मधनंमधनं कातड्याचा वास येतो, टॅनऱ्या आहेत तिकडं. राणीपेटला तर खिडकी बंद केली तरी येतो. आमच्या पेट्या तिथल्या एका कंपनीत जायच्या, पंप हाउसिंग. म्हणलं आलोय तर बघू. विचारत विचारत गेटपर्यंत पोचलो. हिरवं लोखंडी गेट, बाजूला केबिन, केबिनमध्ये सिक्युरिटी. त्यानं विचारलं काय काम. आता काय सांगू? माल नाही, बिल नाही, अपॉइंटमेंट नाही. मी हिंदीत म्हणलं "देखने आया", त्यानं तमिळमध्ये काहीतरी विचारलं, मी कन्नडमध्ये सांगितलं की २७ वर्षं इथं माल पाठवला. त्याला तेवढं कळलं. कन्नडमधलं कळलं का माझं तोंड बघून कळलं माहीत नाही. प्लास्टिकची खुर्ची दिली. मी तिथं वीस मिनिटं बसलो आणि गेट बघितलं. तेवढंच. आत चार लॉऱ्या रिकाम्या व्हायच्या होत्या, बाहेर सहा रांगेत. ड्रायव्हर लोकं चिंचेच्या झाडाखाली पत्ते खेळत होते.

माझ्या डोक्यात राणीपेट म्हणजे बिल्टीवरची एक ओळ होती, तिला आता वास आला.

मलप्रभा

हे शेवटचं वाचून हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं. मी खानापूरची, पुण्यात नोकरी, पंधरा दिवसाला एकदा हा रस्ता करते पण बसमधनं, रात्री. मला आठ वर्षांत या रस्त्यानं काय शिकवलं तर कुठल्या हॉटेलचं बाथरूम उघडं असतं. बाकी अंधार. काका तुम्ही बाई असता तर हा धागा "एकटीनं" म्हणून निघाला असता का, असं एकदा मनात आलं. टीका नाही, नुसतं आलं मनात.

उद्यमबागवाला

मलप्रभा ताई, निघाला नसता. आमच्या सौ.ला एकटीला मी गोकाकला पाठवलं नसतं, आणि आता स्वतः गेटावर खुर्ची टाकून बसलोय. खरंय तुमचं.

कॅम्पातला

होसूरचं वाचून राहवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली ते तमिळ-तेलुगूवाल्यांनी पचवलं, आपल्याला का पचत नाही याचा विचार कोण करणार? सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कोणी वाचलाय का इथं? दोन्ही बाजूंनी नुसतं

अॅडमिन

कॅम्पातला, सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तिथं चारशे प्रतिसाद आहेत आणि त्यातले तीनशे तुमचे. इथं प्रवास. उरलेला प्रतिसाद उडवलाय.

उद्यमबागवाला

राहू द्या हो, एवढं काय.

चेन्नईचं टोक बघितलं. श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींचं स्मारक रस्त्याला लागूनच आहे, १९९१ चा मे महिना आठवला, आमच्याकडं तेव्हा दोन दिवस दुकानं बंद होती. तिथनं पूनमल्ली आणि मग रस्ता गर्दीत विरघळून गेला. कुठं संपला कळलंच नाही. गाडी वळवली.

आता मधली गोष्ट. परतीच्या वाटेवर बेळगाव लागणारच. मी ठरवलं होतं की घरी जायचं नाही, गेलो तर पुढं जाणं होणार नाही, मला मी माहीत आहे. सौ.ला फोन केला की बायपासनं सरळ जातो. ती म्हणाली बरं. हलग्याला सुवर्ण सौधची, म्हणजे विधानसभेची, पांढरी इमारत दिसायला लागली, तिथं पुढं सर्व्हिस रोडला बघतो तर ही स्कूटरवर. पुतण्याच्या मागं बसून आलेली. मांडीवर डबा, पायात पिशवी.

डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, सुक्की भेंडी. पिशवीत धुतलेले कपडे. माझे मळके कपडे तिनं मागच्या सीटवरनं स्वतः काढून घेतले, नाकाला पदर लावून. "अहो हे काय आणलंय, राणीपेटचा वास म्हणालात तो हाच का?" मग कुंद्याचे, आपल्या बेळगावच्या मिठाईचे, तीन बॉक्स दिले, म्हणाली वाटेत कुणी मदत केली तर द्या, नुसतं थँक्यू म्हणून येऊ नका. आंघोळ तरी करून जा की, असं एकदाच म्हणाली. लॉऱ्या इतक्या जवळनं जात होत्या की स्कूटर हलायची. पाच मिनिटांत सगळं झालं. पुढं काकतीपर्यंत मी गाडीत काही बोललो नाही.

काकती म्हणजे कित्तूर चन्नम्माचं माहेर. हे पण आयुष्यभर पाटीवर वाचलं, कधी उतरलो नाही. आज पण नाही उतरलो.

तिसरं_गेट

काकू वन नंबर. धागा काकूंचाच आहे, काका फक्त गाडी चालवालेत.

संकेश्वरचा_लॉरीवाला

काका, आमच्या चार गाड्या आहेत, दोन उद्यमबागेतनंच भरतात. तुम्ही कुठल्या फौंड्रीत होता ते विचारत नाही. अंदाज आहे.

उद्यमबागवाला

संकेश्वरवाले, अंदाज बरोबरच असणार. नाव नको घेऊया.

निपाणीत चहा झाला (निपाणकर, तुमच्या आईनी दिलेलं लोणचं डिकीत सांडलं, माफी). यमगर्णीचा वेदगंगेचा पूल ओलांडताना २०१९ चा ऑगस्ट आठवला. पुराचं पाणी रस्त्यावर, आमच्या सहा लॉऱ्या अडकलेल्या, आणि मी ऑफिसात बसून ड्रायव्हरांना तासातासाला फोन करालो होतो, "काय झालं, सुटला का". पाणी काय मला विचारून उतरणार होतं? तेव्हा माझ्यावर वरनं प्रेशर होतं, ते मी खाली ढकलत होतो, एवढंच.

कोगनोळीच्या हद्दीवरच्या नाक्याला तर काय, आपल्या सगळ्यांची सासुरवाडी. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे जुलै २०१७ च्या आधी, या पट्ट्यातल्या चेकपोस्टवर लॉरी कागदासाठी किती उभी राहायची ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत. नंतर कोरोनात इथंच आरटीपीसीआरचा कागद दाखवायचा, माझ्या चुलत बहिणीला कागलहून माहेरच्या मयताला यायला मिळालं नाही. आता फास्टॅग वाजला, दांडी वर, गेलो. चार सेकंद. दांडी वर जाताना उगीच वाटलं की कुणीतरी थांबवायला पाहिजे होतं.

पुणं-मुंबई पटकन उरकतो, त्यात तुम्हाला नवीन काय सांगू. खंबाटकीचा बोगदा, अपघातांच्या नवले पुलावर देवाचं नाव. एक्सप्रेसवेनं न जाता जुन्या रस्त्यानं लोणावळ्यातनं उतरलो कारण ४८ तोच. ठाण्याजवळ दोन तास घालवले. पुण्यात सिग्नलला एकानं केए बघून "भैया, किधर जाना है" विचारलं, मी म्हणलं "सरळ जायचंय हो", तर तो दचकला.

तलासरीच्या पुढं गुजरात. पेट्रोल लिटरला आठ-दहा रुपयांनी कमी, म्हणजे आपल्याकडं कोल्हापूरवाले टाकी भरायला निपाणीकडं यायचे तसं इथं पालघरवाले करत असणार. भरूचला नर्मदेवर २०१७ चा नवा केबलचा पूल आहे, बाजूला लांब १८८१ चा इंग्रजांचा लोखंडी पूल दिसतो. मी नवीन पुलावर होतो आणि बघत होतो जुना. फौंड्रीत आयुष्य गेलेल्याची नजर लोखंडाकडंच जाते. भरूचची खारी शेंग घेतली, ती वडोदऱ्यापर्यंत पुरली नाही.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडं गेलो, गायकवाडांमुळं तिकडं जुनी मराठी घरं आहेत. एका दुकानात आजोबा मराठीत बोलले, पण असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटाला गुजराती हेल. त्यांनी विचारलं कुठले? बेळगाव. "अच्छा, म्हणजे तुम्ही कर्नाटकी." मी म्हणलं, आणि तुम्ही गुजराती? दोघंही जरा वेळ गप्प, मग ते हसले. कुंद्याचा पहिला बॉक्स तिथं गेला.

मलप्रभा

"कोगनोळी सासुरवाडी" 😄 डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात बससेवा बंद झाली तेव्हा मी कागलला उतरून चालत आणि मग मिळेल त्या रिक्षेनं निपाणी गाठली होती. माझं सासर खरंच कोल्हापूरचं आहे, त्यामुळं मला दोन्हीकडनं ऐकावं लागतं.

उद्यमबागवाला

चार दिवस लिहिलं नाही, त्याला कारण आहे. हे लिहू का नको असं झालं होतं.

शामळाजी सोडलं की चढ लागतो, रतनपूरला राजस्थान सुरू होतं. सुरू झालं कसं कळतं, तर बॉर्डर ओलांडल्याबरोबर दारूची दुकानं, गुजरातेत बंदी ना. खेरवाड्याच्या अलीकडं रात्री साडेआठला गाडीचा काटा लालवर. बॉनेट उघडलं तर वाफ. रेडिएटरचा वरचा होज फाटलेला. बाजूला नुसता डोंगर, काळोख, आणि मी टॉर्च धरून उभा. निघायच्या आधी एका गॅरेजात सगळं चेक करून घेतलं होतं, पैसे मोजून. असो.

दहा मिनिटांत एक लॉरी पुढं जाऊन थांबली, हळूहळू रिव्हर्स आली. मागच्या पाटीवर केए २३. ड्रायव्हर उतरला, बावीस-पंचवीसचा पोरगा, मफलर बांधलेला. माझी पाटी बघून थांबलेला. "ऊटा आतेन्री काका?" म्हणजे गाडीचं नंतर, आधी जेवलाय का. हुक्केरीकडचा. माझी कन्नड त्याच्यापुढं फाटक्या होजसारखीच, पण चाललं.

त्यानं केबिनमधनं सायकलचं जुनं ट्यूब काढलं, पट्टी कापली, होजवर ताणून ताणून चार वेढे, वर बायंडिंग वायर, पकडीनं पीळ. हात बघण्यासारखा होता. पाणी भरलं, झाकण सैल ठेवलं म्हणजे प्रेशर येणार नाही. म्हणाला खेरवाड्यापर्यंत जाईल, पुढं ढाब्यावर थांबू, सकाळी मिस्त्री.

ढाब्यावर बसलो. विचारलं काय भरलंय. कास्टिंग. कुठनं? उद्यमबाग. कुठं? जयपूर. आणि मग मी न विचारता त्यानं सुरू केलं. की काका तुमच्या बेळगावातला माल भरायचा म्हणजे शिक्षा. तीनला बोलवतात, रात्री अकराला गाडी भरतात. गेटच्या आत घेत नाहीत, संडास वापरू देत नाहीत, पाणी मागितलं तर टाकीकडं बोट. तिथं एक चष्मेवाला होता, आमच्या मामाच्या वेळेपासनं, चहा पीत बसायचा आणि कधीही विचारलं की एकच, "पंधरा मिनिटं".

मंडळी, मी चष्मा लावतो. आणि "पंधरा मिनिटं" हा माझाच शब्द. अख्ख्या फौंड्रीत मला त्यावरनं चिडवायचे.

आता यात काय होतं ते सांगतो, सफाई म्हणून नाही, कसं चालतं ते कळावं म्हणून. माल चारला तयार होईल असं शॉपवाला सांगतो, त्याला पण माहीत असतं की होणार नाही. फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणं, राहिलेलं असतं, कधी पेंट ओला असतो, कधी इन्स्पेक्शनवाला येत नाही. पण मी लॉरी सहाला बोलावली आणि माल पाचला तयार झाला तर शिव्या मला. मग मी तीनला बोलावतो. म्हणजे शॉपवाल्यानं आपली सोय बघितली, मी माझी, कस्टमरनं त्याची, आणि सगळ्यांच्या सोयीचे तास त्या पोराच्या खिशातनं गेले. तो ते तास कुठं भरून काढणार? रात्री. झोपेतनं. तवंदी घाट पहाटे तीनला. डिलिव्हरीची तारीख तर हललेली नसते ना, ती मीच बिल्टीवर लिहिलेली.

मी त्याला सांगितलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं. दाल-बाटी समोर होती, ती चिवडत बसलो. बिल मी दिलं, आणि कुंद्याचा दुसरा बॉक्स. त्यानं बॉक्स उलटा करून दुकानाचं नाव वाचलं, केबिनमध्ये देवाच्या फोटोपुढं ठेवला.

सकाळी मिस्त्रीनं नवीन होज बसवला. पोरगा निघताना माझ्याकडं आला आणि पहिल्यांदा मराठीत बोलला, चांगल्या मराठीत. "काका, सावकाश जावा. पंधरा मिनिटं चालवा, काटा बघा, मग पुढं."

त्याला कळलं होतं का नाही, मला अजून कळत नाही.

तिसरं_गेट

काय बोलू सुचेना.

संकेश्वरचा_लॉरीवाला

काका, मी गाडीमालक म्हणून बोलतो. तुम्ही सांगितलंत ते खरं पण अर्धं. भाडं ट्रिपवर ठरतं, तासावर नाही. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, करारात लिहिलेलं असतं, पहिल्या दिवसाचं कोण देत नाही, मागितलं तर पुढची ट्रिप दुसऱ्याला. म्हणून मालक पण गप्प. म्हणजे मी पण गप्प. ड्रायव्हरला मी पण फोन करून "कुठं पोचलास" विचारतोच, तुमच्यासारखाच तासातासाला. फक्त तुम्हाला "चष्मेवाला" म्हणतात, मला काय म्हणतात ते मला कुणी सांगत नाही.

निपाणकर

सांगायला पाहिजे होतं काका.

मलप्रभा

मला नाही वाटत. सांगून काकांना हलकं वाटलं असतं, त्या पोराला काय मिळालं असतं? उलट त्यालाच "नाही हो काका तसं काही नाही" म्हणावं लागलं असतं, अंधारात, मोठ्या माणसासमोर.

कॅम्पातला

यावर मलप्रभांशी सहमत. (बघा, सीमाप्रश्न नाही.)

उद्यमबागवाला

दोघांचंही पटतंय, म्हणून तर झोप लागली नाही.

पुढचं थोडक्यात. राजसमंद, किशनगड, जिकडं तिकडं संगमरवर, लॉऱ्यांवर पांढरे दगड साखळीनं बांधलेले, एकेक दगड माझ्या गाडीपेक्षा मोठा. जयपूरला हवामहल बघितला नाही, इंडस्ट्रियल एरियातलं गेट बघितलं. मानेसरला पण गेट. आता मला गेट बघायची सवयच लागली होती. सगळीकडं एकच चित्र. बाहेर रांग आणि सावलीला पत्ते. सावली नसेल तर लॉरीच्या खाली चादर टाकून झोपलेले. मानेसरच्या गेटाबाहेर एका कंपनीनं मात्र पत्र्याचं शेड, बाक, दोन नळ आणि संडास केलेला बघितला. शेडचा फोटो काढला, सिक्युरिटीनं डिलीट करायला लावला.

दिल्लीत धौला कुवाँपर्यंत गेलो. फ्लायओव्हरवर फ्लायओव्हर, इथं पण रस्ता कुठं संपला कळलं नाही. मला वाटलं होतं शेवटाला एखादा पिवळ्या टोपीचा दगड असेल, चेन्नई २८००, हात लावून फोटो काढू. नव्हता. असला तर मला सापडला नाही. छोले खाल्ले आणि वळलो.

तिसरं_गेट

खर्च किती झाला काका? आणि तिसरा कुंदा कुणाला?

उद्यमबागवाला

एकूण साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास, एकोणीस दिवस. पेट्रोल तीस हजारांच्या घरात, टोल वेगळा, तो पोराच्या खात्यातनं जात होता म्हणून अजून विचारलेला नाही. लॉज सातशे ते पंधराशे. तिसरा कुंदा येताना कोटपुतलीत मीच खाल्ला, गाडीत बसून, बोटानं. सौ.ला सांगितलंय पंजाबी सरदाराला दिला.

मलप्रभा

काकू हा धागा वाचत नाहीत ना?

उद्यमबागवाला

वाचते. आता कळलं तिला.

शेवटचं एक. काल पीएफच्या कागदावर सही पाहिजे होती म्हणून फौंड्रीत गेलो. गेटबाहेर तीन लॉऱ्या. एक आरजे २७, उदयपूरची पाटी. ड्रायव्हर टायरवर बसून शेंगा खात होता. मी हिंदीत विचारलं, खेरवाड्याजवळचा तो चढ उतरल्यावर डाव्या हाताचा ढाबा आहे का अजून चालू? तो उठून उभाच राहिला, हा चष्मेवाला म्हातारा कुठनं आला म्हणून. मग बोलत बसलो. विचारलं गाडी कधी भरणार.

म्हणाला तीनला बोलावलंय.

साडेसहा वाजले होते. आत जाऊन माझ्या जाग्यावर बसलेल्या पोराला विचारलं. तो स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाला, "पंधरा मिनिटं, काका."